नकाराचा हक्क

केंद्र सरकारच्या उद्योग व अंतर्गत व्यापार संवर्धन विभागाने डिसेंबर २०२५ मध्ये एक कार्यपत्र लोकांच्या अभिप्रायार्थ प्रसिद्ध केले. विषय, कृत्रिम बुद्धिमत्ता आणि कॉपीराइट. असल्या सरकारी कागदांना वकील आणि व्यापारी यांच्यापलीकडे सहसा वाचक लाभत नाही. आणि आमच्या वाचकांपैकी ज्यांच्या घरी कोणी लिहीत नाही, गात नाही किंवा चित्रे काढीत नाही, त्यांना हा विषय आपल्या उंबरठ्याबाहेरचा वाटल्यास नवल नाही. तथापि या कागदाने जो प्रश्न उपस्थित केला आहे तो केवळ लेखकांच्या पोटापाण्याचा नाही. मनुष्याने स्वतःच्या बुद्धीने व श्रमाने निर्माण केलेल्या वस्तूविषयी 'ही मी देणार नाही' असे म्हणण्याचा त्यास अधिकार आहे की नाही, असा तो प्रश्न आहे. आमच्या मते तो अधिकार आहे, आणि मोबदला पुढे करून तो काढून घेणे अन्यायाचे आहे. हेच मत येथे सकारण मांडावयाचे आहे.

प्रथम मूळ प्रस्ताव काय आहे तो नीट सांगितला पाहिजे. कारण प्रतिपक्षाचे म्हणणे आधी वाकडे करून मग ते खोडून काढणे हा वादाचा सोपा, परंतु हलका प्रकार होय. हल्ली जी यंत्रे माणसासारखे गद्य लिहितात, पदे रचतात व चित्रे काढतात, त्यांची घडण अगणित ग्रंथ, लेख, गीते व चित्रे यांच्या प्रती पचवून झालेली असते. या प्रतींपैकी पुष्कळशा कोणासही न विचारता घेतल्या गेल्या, आणि त्यावरून देशोदेशी खटले उभे राहिले. कार्यपत्राचे म्हणणे असे की, जे साहित्य कायदेशीर मार्गाने हाती येऊ शकते ते सर्व यंत्राच्या शिक्षणासाठी वापरण्याचा सरसकट परवाना कंपन्यांना कायद्यानेच द्यावा; यंत्रापासून उत्पन्न सुरू झाले म्हणजे त्याचा काही अंश त्यांनी एका मध्यवर्ती मंडळाकडे भरावा; हा अंश किती असावा हे सरकारने नेमलेल्या समितीने ठरवावे; आणि मंडळाने तो निरनिराळ्या हक्कसंस्थांच्या द्वारे कर्त्यांपर्यंत पोहोचवावा. 'एक राष्ट्र, एक परवाना, एक देय' असे या योजनेचे सुटसुटीत नावही ठेवलेले आहे. तिच्यात कर्त्याला घेण्याचा हक्क आहे. न देण्याचा नाही.

ही योजना आखणाऱ्यांच्या हेतूविषयी आम्ही शंका घेत नाही. यंत्रांना सर्व काही फुकट वापरू द्यावे, अशा धर्तीची मागणी उद्योगाच्या बाजूने झालीच होती, आणि नॅसकॉम या संघटनेने या शिफारशीस आपला विरोधही नोंदविला. ती मागणी समितीने मान्य केली नाही, हे तिला भूषणावह आहे. फुकट घेणे हा अन्याय आहे इतके तिने ओळखले. मात्र विकत घेणेसुद्धा अन्यायाचे होऊ शकते, हे तिने ओळखले नाही. देणाऱ्याच्या संमतीवाचून जी विक्री होते तिला विक्री म्हणत नाहीत. जमिनीच्या बाबतीत तिला संपादन म्हणतात, आणि तेथेसुद्धा धनी कोण, जमीन किती व काम कोणते हे सांगून त्यास नोटीस द्यावी लागते. लेखकाला तेवढीही नोटीस नाही.

इंग्लंडातील हकीकत या ठिकाणी तुलनेस घेण्याजोगी आहे. तेथील सरकारने डिसेंबर २०२४ मध्ये जो विचार लोकांपुढे ठेवला, तो असा की यंत्रांना मुभा असावी, परंतु ज्या कर्त्यास ती मान्य नसेल त्याने आपला नकार आगाऊ नोंदवून ठेवावा. म्हणजे चोराने घरोघर फिरावे आणि ज्याने दारावर 'येथे चोरी करू नये' अशी पाटी लावली असेल तेवढेच घर वगळावे! तेथील कलावंत खवळून उठले. फेब्रुवारी २०२५ मध्ये हजाराहून अधिक संगीतकारांनी मिळून एक ध्वनिमुद्रिका काढली. तिच्यात गाणे नव्हते, वादन नव्हते, फक्त रिकाम्या स्टुडिओंतील शांतता होती. पॉल मॅकार्टनी व एल्टन जॉन यांच्यासारख्यांनी उघड विरोध केला. वरिष्ठ सभेत बॅरोनेस बीबन किड्रन यांनी माहितीच्या वापराविषयीच्या एका विधेयकास कलावंतांच्या रक्षणाच्या दुरुस्त्या सुचविल्या, आणि त्यांपायी ते विधेयक दोन्ही सभागृहांमध्ये कितीतरी खेपा इकडून तिकडे फिरले. शेवटी जून २०२५ मध्ये कायदा झाला तो त्या दुरुस्त्या वगळूनच. यातून घेण्याची गोष्ट ही की, ज्या योजनेविरुद्ध इंग्रज कलावंतांनी एवढे रान उठविले तिच्यात नकाराला जागा होती. गैरसोयीची का होईना, पण होती. आमच्याकडील योजनेत ती नाहीच. आणि आमच्याकडे शांतता आहे ती मात्र निषेधाची नव्हे.

आता प्रतिपक्षाच्या मुख्य मुद्द्यांचा परामर्श घेऊ.

पहिला मुद्दा कायदेपंडितांचा. ते म्हणतात, कर्त्याचा नकार कायद्याने कधीच निरपवाद मानलेला नाही. हे खरे आहे. १९५७ च्या कायद्यात सक्तीच्या परवान्याचे कलम आहे. २०१२ च्या दुरुस्तीने रेडिओसारख्या प्रसारकांना ठराविक दर भरून गाणी वाजविण्याची मुभा मिळाली. त्याच दुरुस्तीने अंध व इतर अपंग वाचकांसाठी पुस्तकांच्या सुगम प्रती काढण्याची मोकळीक दिली. या शेवटच्या अपवादाविरुद्ध कोणी सहृदय लेखक तक्रार करील असे आम्हांस वाटत नाही. परंतु या अपवादांचे स्वरूप पाहा. सक्तीचा परवाना द्यावयाचा तर त्यापूर्वी मालकास आपली बाजू मांडण्याची संधी द्यावी लागते. त्याने नकार दिला आहे आणि तो अवाजवी आहे, हे ठरावे लागते. म्हणजे नकाराचा हक्क गृहीत धरूनच त्याला मर्यादा घातलेली आहे. प्रसारणाच्या कलमात तर कर्त्यांची व प्रमुख कलावंतांची नावे प्रसारणाबरोबर जाहीर करावीत अशी स्पष्ट अट आहे. रेडिओ गाणे वाजवितो ते गाणे म्हणून. कवीचे, संगीतकाराचे व गायकाचे नाव घेऊन. यंत्रात गेलेले गाणे मात्र गाणे राहत नाही. ते पाण्यात साखर विरघळावी तसे विरघळते, गोडी राहते आणि नाव जाते. ज्याचे नाव घेता येत नाही त्याचा मोबदला मोजणार कसा, हा पुढचा प्रश्न. पण नाव पुसले जाण्यास कर्त्याची संमती का नको, हा पहिला.

येथे दिल्लीचा एक निकाल ध्यानात आणून देतो. शिल्पकार अमरनाथ सहगल यांनी विज्ञान भवनासाठी ब्राँझचे एक प्रचंड भित्तिशिल्प घडविले होते. ते सरकारने करवून घेतलेले व सरकारच्या मालकीचे होते. १९७९ साली इमारतीच्या डागडुजीत ते उतरवून वखारीत टाकण्यात आले आणि त्याची मोडतोड झाली. सहगल न्यायालयात गेले. २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, पैसे देऊन वस्तू घेतली तरी कृतीशी कर्त्याचे जे नाते असते ते तुटत नाही. आणि शिल्पाचे अवशेष शिल्पकाराच्या स्वाधीन करून पाच लाख रुपये नुकसानभरपाई द्यावी. पूर्ण किंमत देऊन घेतलेल्या वस्तूविषयी जर न्यायालयाची ही दृष्टी, तर अद्याप न ठरलेल्या दराने, न विचारता घेतलेल्या वस्तूविषयी कायद्याची दृष्टी याहून कोती असावी काय?

दुसरा मुद्दा शिक्षणाचा. विद्यार्थी शेकडो पुस्तके वाचतो, त्यांतून लिहावयास शिकतो, आणि त्याबद्दल कोणाला परवाना विचारीत नाही. मग यंत्राने तेच केले तर ओरड का? आमचा जन्म अध्यापनात गेला असल्यामुळे या उपमेचे आम्हांस विशेष कौतुक वाटते. विद्यार्थी पुस्तक विकत घेतो किंवा ग्रंथालयातून आणतो. तो आयुष्यात वाचील तेवढी पुस्तके एका भिंतीला मावतील. तो वाचतो त्यातले पुष्कळ विसरतो, उरलेल्यात स्वतःचे सुखदुःख मिसळतो, आणि पुढेमागे चार ओळी चांगल्या लिहिल्या तर त्या आपल्या नावावर, आपल्या जबाबदारीवर लिहितो. गुरूचे नाव विचारले तर सांगतो. यंत्र यातले काहीच करीत नाही. ते प्रती करते आणि एकाच वेळी कोट्यवधी गिऱ्हाइकांना पुरवठा करते. ज्याच्या लेखनावर ते पोसले त्याच्याच शेजारी दुकान मांडून त्याच्याहून स्वस्त माल विकते. विद्यार्थ्याला दिलेली मुभा ही मनुष्याला दिलेली मुभा आहे. तिचा फायदा कारखान्याने घेऊ नये.

हा केवळ तर्क नव्हे. गायक अरिजित सिंग यांना २०२४ साली आणि आशा भोसले यांना २०२५ साली मुंबई उच्च न्यायालयाचा आश्रय घ्यावा लागला, तो यंत्राने त्यांच्या आवाजाची नक्कल करून ती बाजारात मांडल्याबद्दल. दोघांनाही न्यायालयाने तात्पुरते संरक्षण दिले. नामवंतांना वकील मिळतात आणि न्यायालयही लवकर ऐकते. परंतु तालुक्याच्या गावी मुखपृष्ठे काढून चार पैसे मिळविणाऱ्या चित्रकाराच्या रेषेची नक्कल झाली, तर त्याला हे कळणार कसे आणि तो दाद मागणार कोठे? त्याच्या हाती एकच शस्त्र आहे, ते म्हणजे आधीच नाही म्हणणे. तेच काढून घेण्याची ही योजना आहे.

तिसरा मुद्दा परंपरेचा, आणि तो आमच्या सुशिक्षितांच्या तोंडी फार. आमच्या संतांनी कोठे कॉपीराइट मागितला होता? ज्ञान हे गंगेसारखे वाहते असावे, त्याला बांध घालणे ही पाश्चात्त्यांची व्यापारी वृत्ती, इत्यादि. ऐकावयास हे गोड आहे. परंतु ज्या संतांनी आपल्या वाणीचा कवडीही मोबदला घेतला नाही त्यांनीच प्रत्येक अभंगाच्या शेवटी आपली नाममुद्रा घातली. 'तुका म्हणे', 'नामा म्हणे', 'एका जनार्दनी' ही अक्षरे तेथे शोभेसाठी नाहीत. हा शब्द कोणाचा व त्याचा जबाबदार कोण, हे सांगण्यासाठी आहेत. एकनाथांनी १५८४ साली ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला तो तिच्यात पाठभेद शिरले होते म्हणून. आणि तिच्यात पुन्हा कोणी आपल्या पदरची भर घालू नये असे बजावून ठेवले. कर्त्याच्या शब्दाचे पावित्र्य राखण्याची ही दृष्टी पाश्चात्त्यांच्या कोणत्याही कायद्याहून जुनी आहे; इंग्लंडातला पहिला कॉपीराइटचा कायदा १७१० सालचा. राहता राहिला दानाचा प्रश्न. संतांनी दिले ते स्वेच्छेने दिले. दान देणाऱ्याच्या इच्छेने होते. दात्याला न विचारता उचललेल्या वस्तूला दान हे नाव देणे म्हणजे हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणे होय.

चौथा मुद्दा मराठीच्या हिताचा, आणि आम्हांस स्वतःला त्याचाच भार सर्वांत अधिक वाटतो. आमचे काही मित्र कळकळीने म्हणतात, यंत्रे इंग्रजी पोटभर खातात. मराठी त्यांना मिळाली नाही तर ती मराठी धड बोलणार नाहीत, आणि उद्याच्या व्यवहारात आमची भाषा मागे पडेल. तेव्हा लेखकांनी उदारपणे सर्व मोकळे करावे. भाषेची चिंता आम्हांलाही आहे. परंतु मोकळी मराठी थोडी आहे काय? कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी त्याचे वाङ्मय सर्वांचे होते. केशवसुत, हरिभाऊ आपटे, गडकरी, बालकवी, टिळक, राजवाडे, केतकर हे सर्व केव्हाच सर्वांचे झाले. साने गुरुजी १९५० साली वारले. २०११ पासून त्यांची पुस्तके कोणीही छापावीत, आणि कितीतरी प्रकाशक छापीतही आहेत. प्राचीन काव्य आहे, बखरी आहेत, जुन्या मासिकांच्या धूळ खात पडलेल्या फाइली आहेत. हे सर्व स्वच्छ छापून, तपासून यंत्राच्या हाती द्यावयाचे तर त्यास पैसा व मेहनत लागते. ती करण्याचे सोडून जिवंत लेखकाच्या खिशात हात घालणे सोपे, म्हणून ते देशहिताचे ठरत नाही. आणि जिवंत मराठी हवीच असेल तर ती मागावी. 'आपले लेखन मराठीसाठी हवे आहे, द्याल काय?' असे सभ्यपणे विचारल्यास आमच्यापैकी निम्म्यांहून अधिक लेखक एक पैसाही न घेता होय म्हणतील, अशी आमची खात्री आहे. पण विचारणे आणि गृहीत धरणे यांत जे अंतर आहे तेच स्वतंत्र मनुष्य आणि वेठबिगार यांच्यातील अंतर आहे.

पाचवा मुद्दा व्यवहाराचा: लाखो कर्त्यांना एकेक करून विचारणार कोण? जी यंत्रे कोट्यवधी पाने चाळून मागाल ते उत्तर क्षणात देतात म्हणून त्यांची ख्याती गाइली जाते, त्यांना हजार-दोन हजार प्रकाशकांस पत्रे पाठविता येत नाहीत, हे ऐकून हसू येते. अडचण आहे हे कबूल; ती दूर करण्यास हक्कसंस्थांनी मध्यस्थी करावी हेही कबूल. ज्यांनी होय म्हटले त्यांच्यासाठी एकच परवाना व एकच दर असावा. पण ज्यांनी नाही म्हटले त्यांच्यासाठी एक यादी ठेवण्याचे श्रमही घेऊ नयेत काय?

शेवटचा मुद्दा पैशाचा. आज काहीच मिळत नाही, उद्या थोडे तरी मिळेल. मग तक्रार कशाची? या 'थोड्या'चा हिशेब पाहू. अमेरिकेत अँथ्रॉपिक या कंपनीवर लेखकांनी खटला भरला. जून २०२५ मध्ये न्यायाधीशाने यंत्रास पुस्तकांवरून शिकविणे क्षम्य ठरविले, पण चोरट्या संग्रहांतून पुस्तके उतरवून घेऊन ठेवणे क्षम्य मानले नाही. पुढे कंपनीने दीड अब्ज डॉलरची तडजोड केली. पुस्तकामागे सुमारे तीन हजार डॉलर. आकडा डोळे दिपविणारा आहे. परंतु ही रक्कम कोणाला? ज्यांच्या पुस्तकांची अमेरिकेच्या कॉपीराइट कचेरीत वेळेवर नोंद झालेली होती, त्यांनाच. त्या ढिगात एखादे मराठी पुस्तक असते आणि त्याची तेथे नोंद नसती, तर त्याच्या कर्त्यास कवडीही मिळती ना. जेथे नोंद तेथे दाम, असा हा न्याय आहे. आमच्याकडील मंडळातही पैसा संस्थांच्या मार्फत वाटावयाचा आहे. चित्रपटगीतांच्या कर्त्यांची संस्था १९६९ पासून उभी आहे. तरीही १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटाच्या निर्मात्याच्या बाजूने निकाल दिल्यावर गीतकार-संगीतकारांना आपला वाटा कायद्याने परत मिळविण्यास २०१२ साल उजाडावे लागले; जावेद अख्तर राज्यसभेत त्यासाठी झगडले. मुंबईच्या चित्रसृष्टीतील नामांकितांना जेथे पस्तीस वर्षे लागली, तेथे बुलढाण्याच्या कथालेखिकेने किंवा सावंतवाडीच्या कवीने किती वर्षे धरावीत?

आणि समजा, दाम वेळेवर आणि घसघशीत मिळाले. तेवढ्याने भागेल काय? या बाबतीत आमचाच एक क्षुल्लक अनुभव सांगतो. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी एका प्रकाशकाने विद्यार्थ्यांसाठी काढलेल्या निबंधसंग्रहात आमचा एक लेख घेतला. घेण्यापूर्वी विचारले नाही. पुस्तक बाहेर पडल्यावर अडीचशे रुपयांची मनीऑर्डर आली. पुस्तक मिळवून पाहतो तो लेखाचा शेवटचा परिच्छेद गाळलेला. आणि सबंध लेख ज्या मताच्या खंडनासाठी लिहिला होता तेच मत आमचे म्हणून विद्यार्थ्यांपुढे उभे! आम्ही पैसे परत पाठविले. प्रकाशकाचे उत्तर आले की, 'मानधन कमी वाटत असल्यास कळवावे.' आमची तक्रार मानधनाची असू शकेल यापलीकडे त्या गृहस्थांची कल्पना गेली नाही. हे कार्यपत्र वाचताना आम्हांस त्या पत्राची वारंवार आठवण झाली. लेखक कुरकुरतो म्हणजे त्याला अधिक पैसे हवे असतात, हीच त्याही पत्रातील समजूत होती.

आता दोन शब्द आपणा सर्वांना उद्देशून. यंत्राच्या मालकांकडे बोट दाखविताना आमचे हात स्वच्छ आहेत असे म्हणवत नाही. जिवंत लेखकाच्या कादंबरीची पीडीएफ एकमेकांना धाडणारे, कवितेखालचे नाव उडवून ती वाढदिवसाच्या शुभेच्छांत वापरणारे, दिवाळी अंकासाठी लेख मागून मानधनाच्या नावाने मौन पाळणारे, हे सर्व आमच्यातलेच सुशिक्षित लोक आहेत. ज्या समाजाने लेखकाला कधी विचारण्याची सवय लावून घेतली नाही, त्याला सरकारही विचारीत नाही यात आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. लेखकही निर्दोष नाहीत. करारपत्र न वाचता सही करावयाची आणि मग जन्मभर रडत बसावयाचे, ही आमची जुनी रीत. ती सोडली पाहिजे.

या प्रस्तावाला पुढे कायद्यात कोणते रूप येईल ते येवो. आमच्या मागण्या तीनच आहेत, आणि त्यांतली पहिली गेली तर उरलेल्या दोहोंना अर्थ नाही. ज्या कर्त्याने आपले लेखन, गायन किंवा चित्र यंत्रास देण्याचे नाकारले असेल त्याचा नकार कायद्याने पाळला जावा. कोणत्या यंत्राने कोणाचे काय घेतले हे कंपन्यांनी उघड करावे. कारण जे घेतले तेच ठाऊक नसेल तर नकाराला अर्थ नाही आणि मोबदल्यालाही नाही. आणि जेथे दर ठरतात तेथे लहानमोठ्या सर्व भाषांच्या लेखक-कलावंतांनी निवडलेले प्रतिनिधी असावेत. केवळ त्यांच्या हिताची काळजी वाहणारे अधिकारी पुरेसे नाहीत.

यंत्राशी आमचे वैर नाही. ते उपयुक्त आहे, आणि त्याच्यापासून मराठीचे कल्याण होण्यासारखे असेल तर आम्ही आनंदाने हातभार लावू. परंतु आमच्या दाराशी येऊन ते मागितले पाहिजे. घरात शिरून वस्तू उचलायची आणि जाताना फळीवर चार नाणी ठेवून जावयाचे, या रीतीला सौजन्य म्हणण्यास निदान आम्ही तरी तयार नाही.